श्यामभाऊजींच्या काठीवरचा लेप

आमचे श्यामभाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ श्यामसुंदर, मासे धरतात आणि परत पाण्यात सोडतात. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तेव्हा मासा घरी आणायचा प्रश्नच नव्हता. पण लोकांना कोडं पडतं. ह्याच कोड्यापायी त्यांचं जमत आलेलं लग्न मोडलं.

मुलीचे वडील नारायण पेठेतले, शाळेत गणित शिकवायचे. मी तेव्हा घरात नवी. पोह्यांच्या बशा दिल्या आणि दाराशी उभी राहिले. त्यांनी विचारलं, "सुटीच्या दिवशी काय करता?"

"गळ टाकून बसतो. धरणावर."

"म्हणजे मासे खाता?"

"नाही. सोडून देतो."

"मग धरता कशाला?"

भाऊजी म्हणाले, "आपण रोज सकाळी पर्वती चढता आणि उतरता म्हणे. मग चढता कशाला?"

पाहुणे उठले. पोहे तसेच राहिले. सासूबाई म्हणाल्या, "एवढं गिळलं असतंस तर काय बिघडलं असतं?" भाऊजी म्हणाले, "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. खोटं सांगून बायको आणायची आणि मग जन्मभर चोरून धरणावर जायचं, हे मला जमायचं नाही." त्यानंतर मुली बघायला ते बसले नाहीत.

रोजच्या वहीत मी चार ओळींवर लिहीत नाही. कुठली पोथी वाचली, कोण येऊन गेलं, डोसा नीट आला की नाही, एवढंच. भाऊजींबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच लिहावं लागतंय.

पाटबंधारे खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. पेन्सिलीने आखलेली त्यांची रेघ छापल्यासारखी असायची. गळाचा नाद तिथेच लागला. धरणांच्या मोजणीला साहेबांबरोबर जायचे, साहेब संध्याकाळी पाण्यावर बसायचे, भाऊजी शेजारी बसायचे. पुढे त्याच साहेबांच्या भावाने परदेशातून एक नुसती काठी आणून दिली. काळी, पोकळ, शेंड्याकडे निमुळती होत गेलेली. तिला ना मूठ, ना दोरा ओवायच्या कड्या. भाऊजींनी सगळं स्वतः केलं. बुचाची मूठ घासून बसवली, एकेक कडी जागेवर धरून रेशमी दोऱ्याने घट्ट गुंडाळली आणि त्या दोऱ्यावर पारदर्शक लेप चढवला. लेप वाळेपर्यंत काठी हाताने सावकाश फिरवत राहावी लागते, नाहीतर एका बाजूला ओघळ येतो. ते फिरवत बसले होते आणि मी शेजारी वाती वळत होते. कुणी बघितलं असतं तर दोघांचं एकच काम चाललंय असं वाटलं असतं.

वारज्याला आम्ही राहायला आलो तेव्हा इथे अजून शेतं होती. आता गॅलरीतून हायवेचे दिवे दिसतात. भाऊजींची खोली गॅलरीला लागून. काठी कपाटामागे कापडी पिशवीत असायची. खंडेनवमीला मात्र ती देवघरात यायची, कारण त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. माझी विळी, ह्यांचं पेन, भाऊजींची कंपासपेटी, आमच्या आमोदचा लॅपटॉप आणि ही काठी. मी सगळ्यांना हळदकुंकवाची बोटं लावायची. विळी धुतली की हळद जाते, लॅपटॉपवर मी कागद ठेवून त्यावर बोट लावते. काठीवरच्या लेपाला मात्र हळद मुरली. मुठीच्या वरच्या पहिल्या कडीपाशी पिवळा पट्टाच पडला. भाऊजी कधी बोलले नाहीत. त्यांचे दोस्त, धायरीचे हिंदुराव, बोलले. हिंदुरावांची धायरीला शेती होती, आता तिथे त्यांच्या आईच्या नावाची इमारत आहे. म्हणाले, "वहिनी, काठीला हळद लागली की वो. मालकाला कवा लावता?"

भाऊजी म्हणाले, "काठी बोलत नाही, म्हणून तिचं जमलं."

हिंदुराव मासे खाणारे. दोघं एकाच काठावर बसायचे. "श्यामराव सोडतात त्यो मासा फुडं माज्याच गळाला लागतो," असं सांगायचे. "म्हंजी मेहनत ह्यांची आन् कालवण माजं."

निवृत्तीनंतर भाऊजींना काचबिंदू निघाला. कळलं तेव्हा बराच उशीर झाला होता. उजवा डोळा गेलाच. डाव्याने धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. माणूस आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. आता राहिलंय ते टिकवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात. त्यासाठी सकाळी एक औषध, रात्री दुसरं. दोन्ही बाटल्या दिसायला जुळ्या. आमोद आणतो, मी थेंब घालते. डॉक्टरांकडे आमोद घेऊन जातो आणि ते काय म्हणाले ते घरी आल्यावर सांगतो. बँकेचे मेसेज हे वाचून दाखवतात. पेपर मी वाचते, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत. भाऊजी एक गोष्ट एकदाच विचारतात. उत्तर मिळालं की "बरं" म्हणतात आणि ते धरून चालतात. डोळे गेल्यावर एवढ्या शांतपणे राहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला वाटायचं हा स्वभाव आहे. तो आमच्यावरचा भरवसा होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तर ह्या श्रावणात काठीची पहिली कडी आतून चिरली. गळाचा दोरा त्यात घासून तुटायचा. लेपही जुनाट, तडे गेलेला, शिवाय माझी हळद. भाऊजी म्हणाले, सगळा जुना लेप काढून नव्याने बांधायला हवी, पण आता माझ्याच्याने व्हायचं नाही.

आमोद म्हणाला, "काका, मी करतो. चिल."

आमोद आमचा एकुलता एक. आयटीत आहे. त्याला गळ धरायला भाऊजींनी शिकवलं, सायकल भाऊजींनी शिकवली, भूमितीसुद्धा भाऊजींनीच. मला तर बरंच वाटलं. जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरून भाऊजींनी त्याला शिकवणी दिली. माझा हेअर ड्रायर घेतला होता, म्हणून मीही तिथेच.

"गरम हवा द्यायची, पण काठी नुसती कोमट झाली पाहिजे. हात ठेवता आला पाहिजे. लेप मऊ पडतो. मग ब्लेड आडवं धरून कडीच्या पायावरून चालवायचं, त्या पोलादावरून. काठीकडे धार वळवायची नाही, कधीच नाही. दोरा कापला गेला की लेपासकट सुटतो, संत्र्याची साल निघते तसा. उरलेलं नखाने."

"नखाने? काका, अख्खा वीकेंड जाईल."

"दोन जाऊ देत."

"फर्निचरवाले रिमूव्हर लावतात तो लावला तर? पटकन सगळं वितळतं. मी व्हिडिओ पाहिलाय."

"लाकडावर लावतात. ही लाकडाची नाही. लेपात जो राळेसारखा रस आहे, तसलाच काठीच्या पोटात आहे, त्याच्यावरच तिचे तंतू धरून राहिलेत. लेप खाणारं औषध काठीही खाणार. कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही."

"ओके ओके. नखाने."

आणि भाऊजींनी आणखी एक सांगितलं. पहिल्या कडीच्या पायाखाली काठीला एक बारीक खोच आहे. काठी बांधली तेव्हा कडीचा पाय कानसायचा राहिला होता, त्याची धार काठीत रुतली. "तिथे जपून. ती माझी चूक आहे, तशीच राहू दे. भरू नकोस."

आमोद काठी मित्राच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. इथे वास येईल म्हणाला. मधे गणपती आले आणि गेले. भाऊजींनी एकदा विचारलं, "कुठवर आलंय?" तो म्हणाला, "होत आलंय, काका." भाऊजी म्हणाले, "बरं."

नवरात्रात नवमीच्या सकाळी काठी आली. घट बसलेले, अखंड दिवा तेवत होता, मी सोवळ्यात पूजेची मांडणी करत होते. काठी काय दिसत होती. काळीभोर, चकचकीत, दोरा गर्द लाल. भाऊजींनी ती दोन्ही हातांवर घेतली आणि तोलली.

"वजन उतरलंय."

"जुना थर गेला ना, काका. किती वर्षांचा होता."

"थराचं एवढं?"

"नवा लेप पातळ आहे. नवीन टाइपचा."

भाऊजींनी मुठीपासून शेंड्यापर्यंत बोटं फिरवली. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, माझीच आहे ना ही?"

मला हसू आलं. म्हटलं, "भाऊजी, देवीपुढे बसलेय. हा दिवा साक्षीला आहे. तुमचीच आहे, फक्त न्हाऊन आलीय."

"मग झालं," म्हणाले.

हे तिथेच होते, उपरण्याने चष्मा पुसत. आमोद माझ्या शेजारी झेंडूच्या माळा सोडवत होता. मी हळदकुंकू लावलं, नमस्कार केला, आरती झाली. पुरणाच्या पोळ्या झाल्या. भाऊजींनी दोन खाल्ल्या.

दसरा झाल्यावर ते हिंदुरावांच्या गाडीवर बसून धरणाच्या मागच्या पाण्याला गेले. जेवायच्या आधीच परत. हिंदुराव खाली गेटपाशी मला म्हणाले, "आज ह्यांचं ध्यान न्हवतं. गळ टाकलाच न्हाई म्हना की. काठी मांडीवर घिऊन नुसती वाकवून बगत होते, ह्या अंगानं, त्या अंगानं. म्या म्हनलं, काय झालं? तर म्हनले, हिची सवय दुसरी हाय."

त्या संध्याकाळी आमोद चहा पीत होता. भाऊजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमोद, ती खोच लागली का रे नखाला?"

"कुठली?... हां, ती. लागली ना. आहे तशीच ठेवलीय."

"पहिल्या कडीखालची."

"हो काका, पहिल्याच."

एकदाच विचारणारा माणूस. त्या दिवशी थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "तशीच ठेवलीस ना?" आमोद म्हणाला, "अहो हो, काका." भाऊजी "बरं" म्हणाले नाहीत.

मग एका दुपारी हे झोपले होते, आमोद ऑफिसात. भाऊजी काठी घेऊन टेबलाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा ड्रायर द्या. आणि जरा धरा."

"अहो, आत्ताच तर बांधलीय. कशाला उकलताय?"

"मला एक बघायचंय. म्हणजे तुम्हाला दाखवायचंय."

मी ड्रायर धरला. ते मधूनमधून काठीला गाल लावून बघत, फार तापली नाही ना. मग म्हणाले, "पुरे." जुनं, बोथट झालेलं ब्लेड त्यांनी आडवं धरलं. मला भीती वाटत होती, दिसत नाही आणि धार हातात. पण ब्लेड कडीच्या पोलादावरून सरकलं आणि लेप कुरकुरत फाटला. दोऱ्याचं टोक त्यांनी नखावर घेतलं आणि ओढलं. वेढ्यामागून वेढा सुटत आला, लाल दोरा आणि त्याला चिकटलेली लेपाची पापुद्र्यासारखी साल. कडी सुटून टेबलावर पडली. उरलेला लेप त्यांनी अंगठ्याच्या नखाने ढकलत, थांबत, पुन्हा हवा देत काढला. मी त्यांना इतक्या हळू काम करताना कधी बघितलं नव्हतं. काम संपूच नये असं वाटत असावं.

जागा मोकळी झाली. त्यांनी नख त्यावरून फिरवलं. उभं, आडवं, पुन्हा उभं.

"वहिनी, चष्मा लावा. खोच आहे का?"

मी काठी खिडकीपाशी नेली. गुळगुळीत होतं सगळं. आणि मूठ सुरू होते तिथे, दोऱ्याखाली झाकलेली, बारीक पांढरी अक्षरं होती.

तेव्हा मला कळलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं की म्हणावं, आहे हो, खोच आहे, बारीकशी आहे. त्यांना दिसणार नव्हतंच. दिसत नाही म्हणूनच तर हे सगळं झालं होतं, हेही त्याच क्षणी कळलं.

"खोच नाही, भाऊजी. अक्षरं आहेत. इंग्रजी."

"वाचा."

मी वाचली. कंपनीचं नाव, लांबी, कसला तरी नंबर.

"माझ्या काठीवर अक्षर नव्हतं," भाऊजी म्हणाले. "कोरीच आली होती." मग सुटलेली कडी त्यांनी चाचपून उचलली, खिशात घातली आणि खोलीत गेले. मी टेबलावरच्या साली गोळा करत बसले. माझा हात लागून ड्रायर पुन्हा सुरू झाला, त्या साली उडून गेल्या, आणि ते बंद करायचंही मला सुचेना.

संध्याकाळी आमोद आला. काठी टेबलावर तशीच, पहिल्या कडीची जागा उघडी. त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली, नेहमीसारखी खुर्चीवर नाही, सरळ फरशीवर.

"आई, हे कुणी उकललं?"

"मी," भाऊजी खोलीतून म्हणाले आणि बाहेर आले. "जुनी कुठाय?"

आमोदने आधी ह्यांच्याकडे बघितलं. मी ते बघितलं.

"काका, सॉरी. मी रिमूव्हर लावला. थोडासाच. एका जागी ट्राय केला, तिथे मस्त निघालं, म्हणून सगळीकडे लावला. दुसऱ्या दिवशी बघतो तर मऊ पडलेली. तंतू वर आलेले. काहीच करता येत नव्हतं."

"मग सांगायचं."

"सांगणार होतो."

हे म्हणाले, "मी सांगितलं त्याला, सांगू नको म्हणून. श्याम, अरे तुला वाईट वाटलं असतं. वय काय, डोळे तसे. त्याने बिचाऱ्याने धडपड करून नवी मागवली, तुझीच मूठ बसवून रात्री जागून बांधली. तुला काय फरक पडणार होता?"

"अण्णा, फरक पडला ना. म्हणून तर ही टेबलावर आहे."

"काका, खरंच सांगतो," आमोद म्हणाला, "हा ब्लँक, म्हणजे ही नुसती काठी, जुन्यापेक्षा खूप भारी आहे. वजनाला हलका, जास्त मजबूत. सेम रंग मिळायला मला किती शोधावं लागलं."

"चांगला आहे. मी वाईट कुठे म्हणतोय?"

"मग?"

"मग काही नाही. काका, तुमची मोडली, ही नवी घ्या, असं म्हणाला असतास तर धायरीभर मिरवली असती मी. सेम रंग शोधलास, तिथे घोळ झाला."

मग मीच बोलले. मी ह्यांच्यासमोर आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

"नवमीला भाऊजींनी मला विचारलं, तेव्हा तुम्ही दोघं तिथेच होतात."

"अगं, तू नकळत बोललीस," हे म्हणाले. "नकळत बोललेल्याचं पाप लागत नाही."

"पापाचं कोण विचारतंय? मी विचारतेय, तुम्ही तिथे होतात ना?"

"होतो."

"मी दिवा साक्षीला ठेवत होते आणि तुम्ही चष्मा पुसत होतात. हा माळा सोडवत होता. एकानेही माझा हात धरला नाही. नुसतं, थांब मंदाकिनी, एवढं म्हणायचं होतं. नंतर काय ते बघितलं असतं."

"आई, यू आर मेकिंग इट... एवढं मोठं नको ना करूस. काकांना खूश ठेवायलाच केलं सगळं."

"काकांना खूश ठेवलंस, आणि माझ्या तोंडून देवीपुढे खोटं वदवलंस. भाऊजींनी तुला नाही विचारलं, ह्यांना नाही विचारलं. मला विचारलं, कारण मी खोटं बोलत नाही. ते तुम्हालाही ठाऊक होतं. तेच वापरलंत."

हे म्हणाले, "चहा टाक जरा." मी टाकला नाही. बत्तीस वर्षांच्या मुलाने उठून गॅस पेटवला.

"जुनी टाकून दिलीस?" भाऊजींनी विचारलं.

"नाही." तो आतूनच म्हणाला. "गॅलरीत आहे. आईच्या गोकर्णीच्या कुंडीत. वेलाला आधार हवा होता तिला."

मीच त्याला सांगितलं होतं, एखादी काठी बघ म्हणून. श्रावण संपता संपता त्याने ती खोचून दिली, वर हिरवी सुतळी गुंडाळलेली. गोकर्ण तिच्यावर झपाट्याने चढली. गणपतीला, नवरात्रात, रोज सकाळी तिच्यावरची निळी फुलं खुडून मी देवाला वाहत होते.

भाऊजी भिंत धरत गॅलरीत गेले. मी वेल सोडवायला लागले तर म्हणाले, "राहू द्या, वहिनी, तिचा काय दोष." सुतळीच्या फटीतून त्यांनी बोट घातलं. काठी सुंभासारखी झाली होती, केसाळ, चिवट, दाबली की दबणारी. मातीच्या जरा वर त्यांचं नख अडलं. ते तिथेच थांबले. मी विचारलं नाही. त्यांनी हात काढून घेतला आणि बोटं धोतराला पुसली.

रात्री जेवले. वरणभात, थोडं ताक. पेपर वाचू का म्हटलं, तर म्हणाले, उद्या.

सकाळी मी बाटली घेऊन गेले. ते खुर्चीत बसले होते, पण मान मागे टाकली नाही.

"वहिनी, ही बाटली कुणी आणली?"

"आमोदने. नेहमी तोच आणतो की."

"नाव वाचा."

वाचलं.

"बरं. आज जरा थांबू. हिंदुरावला बोलावलंय. त्याला घेऊन खाली मेडिकलमध्ये जातो आणि विचारून येतो."

मला खूप लागलं ते. म्हटलं, "भाऊजी, आता माझ्यावरही विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे," ते म्हणाले. "तुम्ही कधी खोटं बोललात का? काल अक्षरंसुद्धा वाचलीत. दुसऱ्या कुणी वाचली नसती. पण वहिनी, तुम्हाला जे सांगतात ते तुम्ही मला सांगता. काठी माझीच आहे हेही तुम्ही मनापासूनच म्हणाला होतात."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले.

"डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचं प्रेशर आटोक्यात आहे, असं आमोद सांगतो," ते म्हणाले. "असेलही. मागच्या वेळीही आटोक्यात होतं, त्याच्या मागच्या वेळीही. मला वाईट वाटू नये म्हणून आहे की खरंच आहे, हे आता मी कुणाला विचारू?"

हिंदुराव आले. दोघं हळूहळू जिना उतरून गेले. खालचं दुकान विश्वजीतचं, आमच्याच सोसायटीतला मुलगा. त्याने दोन्ही बाटल्या बघितल्या म्हणे, चिठ्ठीशी ताडून बघितल्या, आणि बरोबर आहेत म्हणाला. हिंदुराव वर आले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. "वहिनी, माज्यावर राग धरू नगा. म्या म्हनलं त्यास्नी, घरची मान्सं हायेत. तर म्हनले, म्हनूनच." चहा न घेता गेले.

औषध बरोबर होतं, ह्याचा मला आनंद व्हायला हवा होता. ह्यांना झाला. "बघ, म्हणालो नव्हतो?" म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "आपल्या घरात औषध बरोबर आहे की नाही हे दुकानदाराला विचारावं लागलं, आणि तुम्ही पैज जिंकल्यासारखे बसलात." त्यांनी पेपर वर धरला.

शनिवारी डॉक्टरांची वेळ होती. आमोदने आधीच सुटी सांगून ठेवली होती. सकाळी आवरून, गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी उभा राहिला. भाऊजी आतून कोट घालून आले.

"काका, निघायचं?"

"हिंदुराव येतोय. आत तोच येणार बरोबर. डॉक्टर म्हणतील ते त्याच्यासमोरच म्हणू देत."

"मी सोडतो तरी दोघांना. हिंदुरावकाकांची स्कूटर कशाला?"

"तुझी सुटी वाया नको. तू झोप."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, भाऊजींच्या टोमण्यांची आम्हाला सवय आहे. आमोद किल्लीशी चाळा करत राहिला. मी त्याची आई आहे. पण मध्ये बोलले नाही. मग तो म्हणाला, "काका, ती पहिली कडी द्या ना. मी नीट बसवतो. नखाने काढून, तुम्ही म्हणता तसं. तुम्ही शेजारी बसा."

"बघू," भाऊजी म्हणाले. खालून हिंदुरावांनी हॉर्न वाजवला.

ती नवी काठी अजून टेबलामागे उभी आहे. कडी कुठे आहे, मला माहीत नाही.

त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, ते मी विचारलं नाही. भाऊजींनी आपणहून सांगितलं नाही. येताना हिंदुरावांनी एका बाटलीला एक रबर बँड गुंडाळून दिला, दुसरीला दोन. सकाळची एक, रात्रीची दोन.

थेंब अजून मीच घालते. दुसऱ्या कुणी घालू नये असं त्यांनीच सांगितलंय. मी जवळ गेले की ते हात पुढे करतात. बाटली मी त्यांच्या तळहातावर ठेवते. ते अंगठ्याने रबर चाचपतात, बाटली परत माझ्या हातात देतात आणि मग मान मागे टाकतात.

"घाला," म्हणतात.